मातीच्या कुशीतली घरं : लेणं, माळवद आणि पेव



पाचगणीचं टेबललँड पाहिलं नाही असा माणूस सातारा-सांगली जिल्ह्यांत विरळा. शाळेच्या सहलीला म्हणा, पाहुण्यांना फिरवायला म्हणा, एकदा तरी आपण त्या सपाट पठारावर गेलेलो असतो. पठाराच्या कडेखाली गुहा आहेत. भर वैशाखातल्या दुपारी अशा गुहेत पाऊल टाकलं की अंगाला गारवा लागतो आणि पौषातल्या पहाटे तिथंच ऊब वाटते. मग सहज मनात येतं, की आपणही असंच मातीच्या आडोशाला घर बांधलं तर? पंखा नको, विजेचं बिल थोडकं, सामान गावातलंच. घर आपलं आपल्या पायावर उभं राहील.

विचार चांगला आहे, पण नवा नाही. आपल्या मुलखात माणसांनी दोन हजार वर्षं माती आणि खडक पांघरून दिवस काढले आहेत. त्याचा इतिहास या पत्रकात दिला आहे. गुणगान करायला नव्हे. मातीचं छत कुठं टिकलं, कुठं गळलं आणि कुठं माणसांवर कोसळलं, याचा हिशेब या इतिहासात आहे, आणि घर बांधायला काढण्यापूर्वी तो प्रत्येकानं वाचावा असा आहे.

डोंगराच्या पोटातला निवारा

पाचगणीचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. त्याचा माथा जांभ्या दगडाचा आणि खालचा डोंगर काळ्या बेसाल्टचा. जांभ्यातून पाणी झिरपतं, खालचा मऊ थर झिजवतं आणि वाहून नेतं. वरचा जांभा मात्र छतासारखा तसाच राहतो. गुहा तयार होतात त्या अशा. जांभ्याचा आणखी एक गुण आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून त्यात कोरणं सोपं. पाचगणीजवळच्या राजपुरीला जांभ्यातल्या गुहा आणि पाण्याची कुंडं आहेत, तिथं कार्तिकस्वामींचं देवस्थान आहे.

घाटाखाली वाईजवळ लोहाऱ्याची लेणी आहेत आणि कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठांहून जास्त लेणी आहेत. ही बौद्ध भिक्खूंची. वर्षभर गावोगाव फिरणारे भिक्खू पावसाचे महिने एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणत. त्या मुक्कामासाठी ही घरं खोदली. लेण्याशेजारी बहुतेक ठिकाणी पाण्याचं टाकं सापडतं. जुन्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलं आहे. म्हणजे राहायची जागा खोदतानाच पाण्याची सोयही खोदून ठेवायची, ही अक्कल तेव्हाही होती.

पण एक फरक ध्यानात घ्या. लेणं अखंड कातळात असतं, मातीत नसतं. कातळ स्वतःचं ओझं स्वतः पेलतो. शिवाय भिक्खूंचा संसार तो केवढा! एक चीवर, एक भिक्षापात्र. गुरंढोरं, चूल, बी-बियाणं, बाळंतीण असं लेण्यात काही नव्हतं. शेतकऱ्याचं घर म्हणजे वेगळी गोष्ट.

म्हणूनच पाचगणीच्या आसपासचा शेतकरी गुहेत राहायला गेला नाही. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या जागेवर इंग्रजी अमदानीत, १८५०-६० च्या सुमारास, जॉन चेसन यांनी थंड हवेचं ठिकाण वसवलं. गावं मात्र त्याच्या कितीतरी आधीची. या भागात घराला उतरतं छप्पर आणि पावसाळ्यात भिंतींना गवताच्या झडी, हीच रीत. बंगले आले तेही उतरत्या छपराचे. कारण उघड आहे. इथं पाऊस धो-धो पडतो, आणि शेजारच्या महाबळेश्वरला तर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. एवढ्या पावसात सपाट मातीचं छत म्हणजे चिखलाचा गोळा डोक्यावर घेणं. मातीच्या घराची पहिली अट इथंच कळते : माती कोरडी राहिली तर ती आसरा, भिजली तर ते ओझं.

काळी आणि पांढरी

आता घाट उतरून पूर्वेला चला. कोरेगाव सोडून खटाव-माणला या, तिथून खाली आटपाडी, कवठेमहांकाळ, जतला. जिल्हे तेच, पण पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. या कोरड्या पट्ट्यात मातीच्या छताचं घर जन्मलं आणि शेकडो वर्षं नांदलं. त्याला आपण माळवद म्हणतो. मराठवाड्यात, खानदेशात कुणी धाब्याचं घर म्हणतात. हा पट्टा सोलापूर, लातूर, बीडपर्यंत पसरलेला आहे.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा नुसता बोलण्याचा प्रकार नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, पडल्या, त्यांवर नव्या उभ्या राहिल्या. चुलीची राख, शेण, गुरांचं मूत, सगळं त्याच जागी मुरलं. त्यातून बारीक, खारट, पांढुरकी माती साठत गेली आणि वस्तीची जागा उंचावत गेली. अशाच पांढरीच्या टेकाडांत जुन्या काळच्या वस्त्या सापडतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची मातीची घरं आणि धान्य साठवायचे लिंपलेले खड्डे मिळाले.

ही पांढरी माती माळवदाचा जीव. का, ते शेतकऱ्याला चटकन समजेल. कृष्णाकाठच्या चोपण जमिनी तुम्ही पाहिल्या आहेत. त्यांत सोडियमचा क्षार वाढलेला असतो. पाणी पडलं की मातीचे बारीक कण सुटे होतात, छिद्रं बुजवतात आणि पाणी मुरतच नाही, वर तळं साचतं. शेताला हा रोग. पण छताला हाच गुण! पावसाची पहिली सर पडली की खारी माती स्वतःच वरून बंद होते आणि उरलेलं पाणी उतारानं पन्हाळीतून बाहेर जातं. काळी माती छताला चालत नाही, कारण ती उन्हात भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी आत येतं. हे शास्त्र कुणी प्रयोगशाळेत शिकवलं नव्हतं. शेतात जे खटकलं ते घराला कामी लावलं, एवढंच.

माळवद कसं घालत

आधी खांब उभे करायचे. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर केवढं, तर पाच खणांचं, सात खणांचं, अशी मोजणी. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिपा. त्यावर लिंबाचा पाला नाहीतर काडीकस्पट अंथरायचं. पाल्यामुळं वाळवी दूर राहते असा अनुभव. मग भिजवून तुडवलेल्या मातीचा थर, आणि सगळ्यात वर पांढरीचा थर, चोपून चोपून पक्का केलेला. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी छतात एक भोक ठेवत, त्याला साणं किंवा सवणं म्हणत. पाऊस आला की त्यावर झाकण. भिंती दगडमातीच्या, दोन-तीन फूट जाड.

अशा घरात ऊन लगेच आत येत नाही. फूटभर माती तापून ती उष्णता खालच्या अंगाला पोचायला कित्येक तास लागतात. दुपारचं ऊन आत यायला रात्र होते, आणि तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो. थंडीत याच्या उलट. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी चैत्र-वैशाखात हा फरक अंगावर घेतलेला आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

आणि माळवद नुसतं छप्पर नव्हे. तिथं सांडगे-पापड वाळायचे, शेंगा पसरायच्या, उन्हाळ्यात घरातली माणसं वर झोपायची. सुतार, लोहार, गवंडी गावातले, लाकूड बांधावरचं, माती पांढरीतली. बाहेरून विकत आणायचं फार थोडं.

पण याची एक किंमत होती. दरवर्षी रोहिणी-मृगाच्या आधी माळवदावर चढावं लागे. उगवलेलं गवत उपटायचं, घुशींची बिळं बुजवायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या, नवी पांढरी टाकून चोपायची. पावसाळ्यातही नजर ठेवायची. ज्या घरानं हे काम सोडलं, त्या घराचं माळवद दोन-चार पावसाळ्यांत गळायला लागलं. मातीच्या घराची दुसरी अट ही : माती दरवर्षी राखण मागते.

पेव : धान्याचं घर

माणसासारखंच धान्यालाही मातीत घर होतं. त्याचं नाव पेव. चिवट मातीत किंवा मुरमात तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा खड्डा घ्यायचा, आतून शेणमातीनं लिंपायचा, कडेनं पाचट-कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर फरशी ठेवून मातीनं बंद करायचं. आतलं धान्य आणि त्यातले किडे श्वासोच्छ्वास करून हवेतला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे मरतात. औषध नाही, पावडर नाही, तरी ज्वारी टिकते. दुष्काळी मुलखात पेव भरलेलं असणं म्हणजे एका वाईट वर्षाची बेगमी.

पेवांचं सगळ्यांत नावाजलेलं ठिकाण आपल्या सांगलीजवळच आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर. तिथल्या पेवांत हळद साठवत. जमिनीत पंधरा-वीस फूट आणि त्याहून खोल पेवं, आणि त्यांत वर्षानुवर्षं न किडता राहणारी हळद. सांगलीची हळदीची पेठ देशभर गाजली, त्यात या पेवांचा वाटा मोठा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पण २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि पाणी पेवांत शिरलं. हळदीची मोठी नासाडी झाली. त्यानंतर व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा महापूर आला. जी माती पिढ्यान्‌पिढ्या कोरडी होती ती दोन पुरांनी कोरडी राहिली नाही. जमीन बदलली नव्हती, पाण्याची वागणूक बदलली होती. जमिनीखाली काहीही बांधताना आजोबांच्या वेळची पूररेषा पुरत नाही, आजची बघावी लागते.

पेवाबद्दल एक जिवाची गोष्ट. ज्या वायूनं किडे मरतात त्यानंच माणूसही मरतो. तो वास देत नाही, दिसत नाही. पेव उघडल्याबरोबर आत उतरलेली माणसं दगावली आहेत, आणि त्यांना काढायला उतरलेलेही दगावले आहेत. पेव उघडून चांगली हवा खेळू द्या. कंदील सोडून बघायची जुनी चाल आहे. कंदील विझला तर उतरायचं नाहीच. पण कंदील जळत राहिला म्हणजे धोका नाही, असं मात्र समजू नका. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन धडधाकट माणसं असल्याशिवाय कुणी आत जाऊ नये. आत कुणी कोसळलं तर मागोमाग उडी घेऊ नका, दोरानं ओढून काढा. जुन्या विहिरी आणि गोबरगॅसच्या टाक्या यांनाही हाच नियम.

मोडलं कुठं?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आपल्या सातारा जिल्ह्यातच पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. दगडमातीच्या भिंती ढासळल्या. धडा मिळाला होता, पण तो माळवदाच्या मुलखापर्यंत नीट पोचला नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसं दगावली. बहुतेक सगळी झोपेत, स्वतःच्या घराखाली.

असं का झालं, त्याचा हिशेब करून बघा. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट माती, जवळजवळ पावणेपाच टन. भिजली की आणखी जड. आता दर पावसाळ्याआधी जुनी माती न खरवडता अर्धा-अर्धा इंच नवी टाकत गेलं, तर चोवीस वर्षांत आणखी एक फूट चढतो. बापानं घातलेलं छत मुलाच्या काळात दुप्पट जड होतं, खांब-तुळया मात्र त्याच, वर वाळवीनं पोखरलेल्या. भिंतींचं तसंच. दोन्ही बाजूंनी गोटे रचलेले, मध्ये माती भरलेली, दोन्ही अंगांना धरून ठेवणारा लांब दगड कुठं नाही. हादरा बसला की भिंत फुगून फुटते. जिथं खांब आणि तुळयांचे सांधे मजबूत होते, तिथं भिंती पडूनही काही माळवदं खांबांवर उभी राहिली.

म्हणजे दोष एकट्या मातीला देऊन चालणार नाही. माती किती, ती कशावर टेकलेली आणि भिंत कशानं बांधलेली, हे बघायचं राहून गेलं. मातीच्या घराची तिसरी अट ती हीच : ओझ्याचा हिशेब ठेवा.

दूरच्या मुलखाचा दाखला

चीनच्या उत्तर भागात वाऱ्यानं आणून टाकलेल्या पिवळ्या मातीचे जाड थर आहेत. त्यांत घरं कोरून कोट्यवधी लोक राहत आले. तिकडे त्यांना याओदोंग म्हणतात. पाऊस कमी, माती उभी कापली तरी ढासळत नाही, म्हणून ते जमलं. पण १५५६ साली शान्शी प्रांतात भूकंप झाला आणि अशी असंख्य घरं मिटली. त्यात सुमारे ८ लाख ३० हजार माणसं गेल्याची नोंद आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेतही जमिनीत अर्धी गाडलेली घरं बांधायची लाट आली. तिथं काँक्रीटच्या भिंती, पाणी अडवणारे थर, निचऱ्याचे पाइप असा सगळा सरंजाम लागला. मुलूख कोणताही असो, प्रश्न तेच तीन : पाणी, राखण आणि ओझं.

आज घर बांधताना

पाचगणी-महाबळेश्वरचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथं डोंगर फोडायला, उतार खणायला कायद्याचं बंधन आहे आणि ते योग्यच आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून घरं माणसांसकट गाडली गेली. जास्त पावसाच्या डोंगरात उताराचा पाय खणून घर घालणं म्हणजे दरडीला आवतण. पठाराखालच्या गुहा पाहून या, तिथला गारवा अनुभवा, पण घाटमाथ्यावर तसं घर खणायला जाऊ नका. तिथं जाड भिंती, मोठी वळचण आणि उतरतं छप्पर हेच बरं.

कोरड्या पट्ट्यातल्या भावा-बहिणींनी मात्र माळवदाला अगदीच मोडीत काढू नये. पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा :

१. जुनं माळवद असेल तर आधी छताची माती मोजा. नवी टाकण्याआधी जुनी खरवडून काढा. आठ इंचांपेक्षा जास्त थर ठेवू नका.

२. खांबाचा बुंधा आणि तुळईचं टोक टोकदार सळईनं टोचून बघा. लाकूड भुसभुशीत लागलं तर ते बदलल्याशिवाय खाली झोपू नका. खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्या.

३. दगडमातीच्या भिंतीत दोन्ही अंगांना धरणारे लांब दगड ठरावीक अंतरानं घाला आणि दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा सलग पट्टा घ्या. मातीच्या घरांच्या भूकंप-सुरक्षेसाठी भारतीय मानक १३८२७ आहे. तालुक्याच्या बांधकाम अभियंत्याकडे त्याप्रमाणे सल्ला मागा.

४. नवं घर बांधताना मातीचा उपयोग डोक्यावर कमी आणि बाजूला जास्त करा. जाड मातीच्या भिंतींनी गारवा मिळतो. छप्पर हलकं ठेवा.

५. पत्रा घातलाच असेल तर त्याखाली बांबूचं किंवा बोरूचं आढं घालून मध्ये हवेला जागा ठेवा. भट्टीसारखी धग बरीच उतरते.

६. पेव, तळघर किंवा टाकं खणण्याआधी २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी कुठपर्यंत आलं होतं ते गावात विचारा. त्या खुणेच्या खाली धान्य ठेवू नका.

७. माळवदावरचं आणि पत्र्यावरचं पाणी पन्हाळीनं टाक्यात घ्या. लेणी खोदणाऱ्यांनी पोढीही सोबतच खोदली, हे विसरू नका.

आपले पूर्वज मातीत राहिले ते गरिबीनं राहिले, असं पुष्कळांना वाटतं. काही अंशी ते खरंही आहे. पण त्यांना कुठली माती पाणी धरते आणि कुठली सोडते, हे हाताला ठाऊक होतं, आणि दर मृगाआधी ते शिडी लावून वर चढत होते. घर बाजारच्या सामानाविना उभं राहिलं ते या कामाच्या जोरावर. ते काम करायची तयारी असेल तर माती आजही आसरा देईल. नसेल तर माती डोक्यावर घेऊ नका.

रेडिओवर ऐकलेलं चार दिवसांत मागं पडतं. म्हणून हे पत्रक घरात जपून ठेवा, शेजाऱ्याला वाचायला द्या, आणि येत्या रोहिणीच्या आधी एकदा आपल्या छताकडे खालून आणि वरून, दोन्हीकडून नीट बघून घ्या.

राम राम.